हिरवं रक्त

आमच्याकडे तेव्हा गेममधली माणसं
हिरव्या रक्ताची असायची.
कायदा होता तसा, किंवा कायद्याची भीती.
दुकानात मिळायच्या त्या डब्यातले सैनिक
गोळी लागली की तेलासारखं काहीतरी गाळायचे,
पाठीतून एखादा स्क्रू निसटायचा.
यंत्रं आहेत, असं पुस्तिकेत छापलेलं.
यंत्रं,
तरी पळताना धापा टाकायची.

मी खाटकाचा मुलगा.
नॉयहाउसच्या पुलाशी आमचं दुकान.
गुरुवारी डुकरं यायची
आणि बादलीतलं रक्त गोठू नये म्हणून
ते हातानं ढवळत राहायचं काम माझं.
कोपरापर्यंत ऊब.
शुक्रवारी शाळेत नखांच्या कडा तपकिरी.
म्हणून फाइटच्या घरी ते हिरवं पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा मला हसूच फुटलं:
ज्यानं हे केलंय
त्यानं साधी कोंबडी कापलेली नाही.

फाइट मात्र चिडायचा.
बनवतात आपल्याला, म्हणायचा, कुकुली बाळं समजतात.
खरं रक्त नदीपलीकडे मिळतं.

नदीपलीकडे म्हणजे शेर्डिंग, ऑस्ट्रिया,
सायकलवर बारा मिनिटं.
साठवलेले पैसे, उसने पैसे, फाइटच्या आजीचे न विचारता घेतलेले पैसे.
येताना नाक्यावरच्या शिपायानं पिशवी उघडली,
डब्यावरचं चित्र बघितलं, मग माझ्याकडे.
दर शनिवारी आमच्याकडून सॉसेज नेणारा माणूस.
म्हणाला, घरी कमी पडतं होय रे?
आणि जाऊ दिलं.

पहिला पडला तो पोट धरून पडला.
काहीतरी बोलला, आम्हाला न कळणाऱ्या इंग्रजीत.
फाइटनं आवाज वाढवला.
माझ्या बेंबीपाशी काहीतरी हललं
आणि ते वाईट नव्हतं.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
त्याला आम्ही अकरा वेळा मारला,
मागे जाऊन, पुन्हा त्याच दारातून येऊन,
अकराव्यांदा तो काय म्हणतो ते आम्ही त्याच्याबरोबर म्हणत होतो.

एकच गोष्ट खटकत होती. ते वाळत नव्हतं.
तळघर फिरून परत आलो तरी भिंतीवर
टोमॅटोसारखं ताजं.
खरं तर काळं पडतं, मी म्हटलं, साय धरते त्यावर,
माशा येतात.
फाइट म्हणाला, तू ना, सगळ्याची मजा घालवतोस.

पुढच्या गुरुवारी बादली ढवळताना
माझं बोट आपोआप वाकत होतं, कळ दाबल्यासारखं.
वडिलांनी पाहिलं नाही.
किंवा पाहिलं, आणि त्यांना वाटलं थंडी.

पोरं दगड होतील, ओबरमायरबाई वर्गात म्हणायच्या.
मी कुणावर हात उगारला नाही.
दुकान चालवलं नाही, एवढंच.
सुरी चालेना माझी; हीटर दुरुस्त करतो आता.
त्याचा याच्याशी संबंध लावू नका.
मीही लावत नाही, बहुतेक.

काल रोन्याच्या खोलीत गेलो, तिचा हीटर बघायला.
ती खेळत होती.
आता सेटिंगमध्येच असतं: रक्त चालू, रक्त बंद.
तिनं बंद ठेवलंय.
कुणाची सक्ती नाही, नदी ओलांडावी लागत नाही.
का गं, विचारलं.
मध्ये येतं, म्हणाली, निशाणा नीट दिसत नाही.

मारलेला माणूस दोन सेकंदांत नाहीसा होतो तिच्याकडे.
ना पोट धरणं, ना बोलणं,
फरशी लख्ख.
वडील सोडा घालून उकळत्या पाण्यानं फरशी धुवायचे,
दोनदा, कधी तीनदा,
तरी गुरुवारचा वास मोरीतून शनिवारपर्यंत यायचा.
मी उगाच नाकानं हवा ओढून पाहिली.
गरम झालेल्या धुळीचा वास. हीटरचा.

जरा वेळ चालू कर ना, मी म्हटलं.
कशाला?
मला सांगता येईना. हातात पाना होता.
शी, बाबा, म्हणाली,
आणि माझ्याकडे बघत बघत
आणखी तिघांना पुसलं.